शेंदूर लावलेला दगड

प्रश्न : मी उपनगरातल्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. आरेतल्या पाड्यांवर कामासाठी जाणाऱ्या तीसेक कर्मचाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण माझ्या गळ्यात पडलंय. विषय : ‘आदिवासी समाजासोबत भागीदारी’. एसी हॉल, तज्ज्ञांची भाषणं, पीपीटी आणि शेवटी तारपा नाच अशी आखणी केली आहे. काही राहिलं का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : पाडाच राहिला की!

रागावू नका. मीही अशीच प्रशिक्षणं घेऊन नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. वनहक्क कायदा 2006चा, त्याचे नियम 2008चे. ते आम्हाला हॉलमध्ये बसवून शिकवले आणि माझे पाठही झाले. पुढच्याच वर्षी ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता) एका वारली पाड्यावर सामूहिक दाव्याच्या (जंगलावरच्या अख्ख्या पाड्याच्या हक्काच्या) जागा पाहणीला गेलो. कागद खरं तर गावातल्याच लोकांच्या वनहक्क समितीने लिहायचा. पण त्यांचं लिहिणं सावकाश, मला सहाची एसटी गाठायची, म्हणून वही मीच ओढून घेतली. विहीर लिहिली, बांध लिहिला, आंब्याची झाडं मोजली. एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. एक म्हातारे दोनदा त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, दमले असतील.

तो वाघोबा होता, वारल्यांचा वाघदेव. आजे-पणजे तिथेच नारळ फोडत आले होते. नियम 13 मधल्या पुराव्यांच्या यादीत विहिरी आहेत, दफनभूमी आहेत, तशी पवित्र स्थळंही आहेत. शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं, तर तोही पुरावा. म्हणजे दोन पुरावे माझ्यासमोर उभे होते, एक दगडाचा आणि एक माणसाचा. मी दोन्ही वगळून एसटीत बसलो. दावा त्रुटी काढून परत आला, तेव्हा समितीतल्या बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुम्ही विचारलंच नाही.” पुन्हा पाहणी झाली. या वेळी वही त्यांच्याकडे आणि पाणी आणायला मी.

तेव्हा पहिला दिवस पाड्यावर घ्या. कुठला दिवस, किती वाजता, हे तिथल्या लोकांना ठरवू द्या. आपल्याला सवय कामाच्या दिवशी अकराची. तेव्हा कितीतरी बायका भाजी विकायला बाजारात बसलेल्या असतात, पावसाळ्यात टोपलीत शेवळं आणि टाकळा असतो. मग सभेला पुरुष दहा, बायका दोन. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ही गणसंख्या घरोघर सह्या गोळा करून ‘भरता’ येते, हे मी सांगायला नको. भात लावणीत तर पाऊलही टाकू नका.

तुमच्या तीस जणांना तिथे एकच काम द्या : दोघादोघांनी एकेका घरी बसून आपल्याच कार्यालयाचा एक अर्ज त्या कुटुंबासोबत भरायचा. जातीच्या दाखल्याचा घ्या. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या आजीने शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिच्याकडे तो कागद कुठून येणार? कर्मचारी त्या रकान्याशी पेन घेऊन अडेल, आजी त्याच्याकडे बघत बसेल. तेवढा वेळ त्याला अडू द्या, मदतीला धावू नका.

दुसऱ्या दिवशी हॉल चालेल. पण बोलणारे पाड्यावरचे हवेत आणि अधिकाऱ्यांनी उत्तरं द्यायची नाहीत, ते बोलतील ते वहीत लिहून घ्यायचं. पंधरा दिवसांनी तीच वही घेऊन पाड्यावर जायचं आणि कशाचं काय झालं ते वाचून दाखवायचं, ‘काहीच झालं नाही’ असेल तर तेही. हा तिसरा दिवस आत्ताच मंजूर करून घ्या, नंतर कोणी देत नाही.

तारपा नाच मात्र काढा. तो भात निघाल्यावरचा, तुमच्या जेवणानंतरचा नव्हे.

आणि मानधन. पाड्यावरून बोलायला येणाऱ्यांचे पैसे ‘चहापान व इतर’मध्ये घालू नका. तज्ज्ञांच्या यादीत त्यांची नावं लिहा आणि दर तोच लावा. लेखा शाखा शिक्षणाची अट विचारेल. विचारू दे, त्यावर टिपणी लिहायला मी येतो.