जाड अक्षरांची पाटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कॉलेज रोडला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान सुरू करतो आहे. पाटी १० फूट बाय ३ फूट, नाव ‘चिंगीची झबली’. ‘मोदक’ हा गुबगुबीत फाँट घरात सगळ्यांना आवडलाय, पण पाटीवाला म्हणतो लांबून वाचता येणार नाही. काय करावं?
– एक वाचक, महात्मानगर

उत्तर: पाटीवाल्याच्या शंकेत तथ्य आहे, पण म्हणून हा फाँट सोडून द्यायची गरज नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा हा फाँट सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केला. त्यात अक्षरं इतकी फुगवली आहेत की पोटातल्या पोकळीची बारीक रेघ तेवढी उरते. फाँटची सगळी मजा त्या रेघेत आहे, आणि लांबून आधी नाहीशी होते तीही तीच.

तिचा हिशेब मांडता येतो. निरोगी डोळ्याला साडेतीन मीटरवरून साधारण १ मिलिमीटरची फट जेमतेम वेगळी दिसते. म्हणजे रस्त्यापलीकडून, २० मीटरवरून वाचायचं तर सर्वांत अरुंद फट किमान ६ मिलिमीटर हवी. पाटी आतून उजळणारी असेल तर १२ धरा, कारण रात्री उजळलेल्या अक्षरांचा प्रकाश फटीत पसरतो.

आता नाव पाटीच्या खऱ्या मापात लावून बघा. त्यात उकार नाही, त्यामुळे उंचीची अडचण नाही. अडेल ते रुंदीत. दोन्ही बाजूंना ४-४ इंच सोडले की अक्षराचं अंग, म्हणजे वेलांटी-मात्रा सोडून उरलेली उंची, अंदाजे १३-१४ इंचांवर येईल. दहा फुटांना एक इंच या नेहमीच्या हिशेबाने ते १३० फुटांवरून वाचता यायला हवं, पण तो हिशेब साध्या वळणाच्या अक्षरांचा आहे. इथे ‘झ’ आणि ‘ब’च्या पोटातली फट मोजा. ती कमी भरली तर अक्षरं कर्व्हमध्ये (मजकुराऐवजी नुसत्या आकारांत) बदलून तेवढीच फट हाताने रुंद करा. तेही जमत नसेल तर त्याच मंडळींच्या ‘बलू २’चं एक्स्ट्राबोल्ड वजन (म्हणजे जाडी) घ्या. तेही गोलसर आणि हसरं आहे, पण पोटं मोकळी आहेत. पत्ता आणि फोन नंबर तर ‘मोदक’मध्ये कधीच नको, तिथे ‘बलू २’ मीडियम.

एसीपीची (ॲल्युमिनियमच्या थरांच्या पत्र्याची) अक्षरं राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापणार असाल तर बिटची, म्हणजे त्या पात्याची, जाडी आधी विचारा. ३ मिलिमीटरच्या बिटला त्याहून अरुंद फट कापता येत नाही. लेझरवर कापलेल्या ॲक्रिलिकला ही अडचण नाही. आणि ‘मोदक’ला वरून ‘बोल्ड’चं बटण दाबू नका. त्याचं वजन एकच आहे. सॉफ्टवेअर कडा फुगवतं आणि फटी बुजतात.

पाटीवर इंग्रजी नावही घालणार असाल तर कायद्याने मराठी आधी हवं आणि त्याची अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत.

प्रश्न: आमच्याकडे येणाऱ्या फायलींत शिरोरेषेवर पांढरे तुकडे दिसतात, काहींत जोडाक्षरं सुटी पडतात. दोष फाँटचा का?
– फ्लेक्स व्यावसायिक, सिडको

उत्तर: हे दोन वेगळे घोटाळे आहेत. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कोरलड्रॉमध्ये ‘कम्बाइन’ दिलं की हा चढलेला भाग पांढरा पडतो. तिथे ‘वेल्ड’ हवं. इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करून ‘युनाइट’, इंकस्केपमध्ये ‘युनियन’. व्हिनाइलच्या कामात हे चुकलं तर प्लॉटर (स्टिकर कापणारं यंत्र) प्रत्येक सांध्यावर ब्लेड फिरवतो आणि अख्खी शीट वाया जाते. बाहेरची किनारही वेल्डनंतरच द्या, आणि अक्षराच्या मागे. नाहीतर तिची अर्धी जाडी आत येऊन पोटं खाते.

जोडाक्षरं सुटतात ती सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड फाँट नीट जुळवता येत नाही म्हणून. फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करायला सांगा आणि फाइल कर्व्ह करूनच मागवा. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते.

प्रश्न: स्वतःचा जाड, खेळकर देवनागरी फाँट करायचा आहे. सुरुवात ‘अ’पासून करू?
– विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर: नको. ‘झ’, ‘ह’, ‘छ’, ‘क्ष’ आधी काढा आणि त्यांच्या शेजारी ‘र’, ‘ग’, ‘ट’. गर्दीच्या अक्षरांत किती जाडी मावते, यावर सगळ्या फाँटचं वजन ठरतं. हजार युनिटांच्या चौकटीत ‘ग’चा दंड (उभी रेघ) २२० जाड ठेवलात तर ‘झ’मधल्या रेघा १५०-१६० पर्यंत उतरवाव्या लागतील. आकडे वेगळे असू देत, डोळ्याला काळेपणा सारखा वाटला पाहिजे. शिरोरेषा दंडापेक्षा बारीक ठेवा, नाहीतर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार मिळून वर नुसता काळा पट्टा होतो. ऱ्हस्व वेलांटी एकच काढून भागत नाही. ‘र’ आणि ‘क्ष’च्या रुंदीत फार फरक आहे, निदान तीन-चार लांबीच्या कमानी लागतील.

फाँटफोर्ज फुकट आहे, ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मात्र विसरू नका. दुसऱ्या, तऱ्हा, ॲसिड, कॉफी, बाळ, स्त्री, वाङ्मय, कर्तृत्व हे शब्द मोठ्या आणि लहान आकारात छापून भिंतीवर लावा आणि लांबून वाचा. जिथे डोळा अडखळेल, ते अक्षर पुन्हा काढा.