प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तींच्या प्रजनन कार्यक्रमाला देणगी द्यावी का?

द्यावी. मी ह्यूस्टनला राहते, इथल्या प्राणिसंग्रहालयाची वर्गणी दरवर्षी भरते आणि ती मुख्यतः हत्तींसाठीच. पण तिथे जन्मलेली पिल्लं पुढे जंगलात सोडतील, अशी तुमची समजूत असेल तर तसं होत नाही. युरोप-अमेरिकेत जन्मलेलं पिल्लू तिथल्याच कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयात वाढतं. आपल्याकडच्या रानात हत्तींना पिल्लं होतातच, अपुरी पडतेय ती जमीन.

मी पैसे देते ते ईईएचव्ही या विषाणूमुळे. हा हर्पिसच्या कुळातला. मोठ्या हत्तीच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प पडून असतो, पण लहान आशियाई हत्तीत उसळला की आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. काल बागडणारं पिल्लू आज सुस्त दिसतं, जीभ जांभळी पडते आणि एक-दोन दिवसांत ते जातं. इथला दोन वर्षांचा मॅक 2008 मध्ये असाच गेला. त्यानंतर प्राणिसंग्रहालय आणि बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन यांनी मिळून या विषाणूचा पिच्छा पुरवला. पिल्लांना लहानपणापासून कुंपणाच्या लोखंडी गजांजवळ कान आणून उभं राहायला शिकवतात. कानामागच्या शिरेतून रक्त घेईपर्यंत त्यांचं लक्ष खाऊकडे असतं. रक्तात विषाणू वेळेत सापडला तर औषधं आणि प्लाझ्मा देऊन पिल्लू वाचू शकतं. जून 2024 मध्ये चाळिशीतल्या टेस हत्तिणीला या विषाणूवरची पहिली एमआरएनए लस टोचली, तेव्हा मला फार आनंद झाला.

कारण हा रोग फक्त पिंजऱ्यातला नाही. 2019 मध्ये ओडिशातल्या नंदनकाननमध्ये त्याने चार हत्ती नेले, केरळच्या रानातही त्याचे बळी सापडलेत. रानातल्या पिल्लाचं रक्त असं वरचेवर कोण काढणार?

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खरं आहे. 2008 च्या एका अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य (निम्म्या हत्तिणी ज्या वयाच्या आत मरतात ते) 18.9 वर्षं निघालं, तर म्यानमारमध्ये ओंडके ओढणाऱ्या हत्तिणींचं 41.7. आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं, ते मला पटतं. म्हणून देणगीआधी विचारा: हत्ती कळपाने राहतात का? पायाखाली माती आहे की काँक्रीट? नवे हत्ती कुठून आणता? 2016 मध्ये आफ्रिकेतल्या इस्वातिनी देशातून 17 रानटी हत्ती विमानाने अमेरिकेत आणले गेले. अशा व्यवहाराला माझा एक पैसाही जाणार नाही.

आणि भारतातून देणार असाल तर आधी हत्तींच्या वाटा राखणाऱ्यांना द्या. वायनाडमध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने तिरुनेल्ली-कुद्रकोटे वाटेवरची जमीन विकत घेतली, तिथल्या कुटुंबांचं दुसरीकडे पुनर्वसन केलं आणि हत्तींची वाट मोकळी केली.