उपकेंद्राला कुलूप, जाब कुणाला विचारायचा?

प्रश्न : ताई, आमच्या गावात उपकेंद्राची चांगली इमारत आहे, पण दाराला सारखं कुलूप. "बाई कव्हय येई, कोनले माहीत," असं माय म्हणते. सुनेला सातवा महिना. बीपी वाढलं तेव्हा भाड्याची गाडी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. सरपंच म्हणतात, "दवाखाना आमच्या हातात नाही." मग कुणाच्या हातात आहे?
– एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : भाऊ, सुनेला लगेच नेलंत, फार चांगलं केलंत. पण भाडं तुमच्या खिशातून जायला नको होतं. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं मोफत आहे. 102 नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

आता कुलपाचं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं. त्यामुळे तुमचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण रुग्णालयात दिलात तर नुसता पडून राहील.

मी जिल्हा परिषदेतून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, म्हणून कळकळीने सांगते : आधी उपकेंद्रातल्या सिस्टरवर (नर्सबाईंवर) ओरडू नका. निकषाप्रमाणे मैदानी भागात 5,000 आणि आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र. त्यात आसपासची गावं, पाडे येतात. लसीकरण, गृहभेटी, मीटिंगा, तिला बाहेर पडावंच लागतं. तिचा महिन्याचा फिरती कार्यक्रम दारावर लावायला सांगा. त्यात ती दुसऱ्या गावाला असेल तर कुलूप असणारच. पण त्या दिवशी ती इथे हवी आणि दार बंद, तर तारीख वहीत लिहा. पदच रिकामं असेल तर तसं लिहा. तो जाब मग सिस्टरचा नाही, वरच्यांचा.

सरपंचांचं म्हणणं अर्धंच खरं. बदली, पगार त्यांच्याकडे नाही, पण गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा, मिळू शकतो. तो आला का, कशावर खर्च झाला, ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिथेच ठराव घ्या. "आरोग्यसेवा सुधारावी" असला मोघम ठराव नको. वहीतल्या तारखा घाला, पद रिकामं आहे का ते घाला, ठराव अर्जाला जोडा आणि पोच शिक्क्यासकट घ्या.

हे आपल्याकडे झालेलं आहे. 2007 मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा गावकऱ्यांनीच तपासायची पद्धत, सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपलं नंदुरबार होतं. गावकऱ्यांनी एकेका सेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग देऊन पत्रकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवली. शिकलेली माणसं कमी, पण रंग सगळ्यांना वाचता येतात. तुमच्या गावातही भिंतीवर तसा तक्ता करता येईल, आशाताईंना सोबत घ्या.

आणि सुनेचं डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोंडावर सूज दिसली, तर उपकेंद्र उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी 108 लावा.