तार कुठून न्यायची, हे ठरवणारं शिक्षण

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लेक बारावीत आहे, गणित पक्कं आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरातले शेजारी, भोपाळचे काका, क्लासचे सर, सगळ्यांचं एकच म्हणणं, कम्प्युटर सायन्स. आणि ही दिवाळीत देपालपूरकडे मावशीच्या गावी गेली ती वहीत नकाशा काढून घेऊन आली. कोणाच्या गच्चीवर मोबाइलला रेंज येते, समग्रच्या (राज्याच्या कुटुंब-नोंदणीच्या) ई-केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानासमोर बायका किती वेळ उभ्या असतात, पंचायतीच्या भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीचा दिवा दिवसातून कधी लागतो, सगळं त्यात टिपलंय. "मला हेच शिकायचंय" म्हणते, आणि तुम्ही विचारता, याला करिअर म्हणतात का?

म्हणतात. प्रादेशिक नियोजन म्हणतात त्याला. आपल्याकडे सरकारी पाटीवर 'नगर तथा ग्राम निवेश' असं जे लिहिलेलं असतं, त्यातलंच हे काम. रस्ता, पाणी, बाजार यांची आखणी जशी करतात तशी आता इंटरनेटचीही करावी लागते, आणि ती करणारी माणसं कमी आहेत.

त्या पेटीचंच बघा. गावोगावच्या पंचायतींपर्यंत फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची तार, नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली. पुढे तिला भारतनेट नाव मिळालं. लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. सुरुवातीच्या आखणीत तार बहुतेक एका रेषेत जायची, एका गावाहून पुढच्या गावाला. मध्ये कुठे जेसीबीचा दात लागला की पलीकडची सगळी गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये जवळपास 1.39 लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात वर्तुळाकार जोडणी घेतली, म्हणजे एकीकडून तुटलं तरी दुसरीकडून चालू राहतं. तार काचेचीच, पण नकाशावरची रेघ बदलली. तुमची लेक ज्या प्रश्नापाशी वही घेऊन बसली आहे तो हाच आहे.

या धंद्यात पैसा खातं ते खोदकाम. म्हणून रस्ता होतानाच खाली रिकामा पाइप टाकून ठेवावा, पाण्याची लाइन टाकणाऱ्याला तारेची जागा आधी कळावी, हे कोणीतरी बसून जुळवावं लागतं. खोदण्याआधी कळवण्याचं सरकारी अ‍ॅप मार्च 2023 मध्ये आलं, ते याचसाठी. केरळने के-फोनसाठी, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या इंटरनेट जाळ्यासाठी, वीज मंडळाचे खांब वापरले. मला हा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. उभा खांब असताना जमीन कशाला फोडायची?

पण तार पोचली म्हणजे रोजगार पोचला, असं होत नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. आपल्या मध्य प्रदेशातलं साड्यांचं गाव चंदेरी घ्या. तिथे 2010 च्या सुमारास चंदेरीयान नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटरनेट तर दिलंच, पण विणकरांची पोरं कम्प्युटरवर बुट्टी काढायला शिकली, हाताने आलेख कागदावर चौकोन भरायचं किचकट काम हलकं झालं. आधी विणकराची अडचण बघितली, मग कनेक्शन कशाला हवं ते ठरलं. देपालपूर-सांवेरकडे बटाटा, लसूण, सोयाबीन पिकतं. तिथल्या शेतकऱ्याला दुपारी कोणता भाव कळायला हवा, कोणाला कोणत्या सरकारी खिडकीचं काम घरून करता यायला हवं, हे विचारल्याशिवाय इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या चकचकीत इमारतींपासून चाळीस किलोमीटरवर काही बदलायचं नाही.

आता शिक्षणाचं. चार वर्षांची बी. प्लॅनिंग पदवी असते. स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर भोपाळात आहे, दिल्ली आणि विजयवाड्यातही आहे. भोपाळच्या मॅनिट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय संस्थेतही हा अभ्यासक्रम आहे, म्हणजे घरापासून चार तासांत. प्रवेश जेईई मेनच्या पेपर 2 बी मधून. ताई, इथेच पोरं चुकतात. फॉर्म भरताना हा पेपर वेगळा निवडावा लागतो, फक्त पेपर 1 भरून चालत नाही. जानेवारीच्या फॉर्ममध्ये राहिला असेल तर एप्रिलच्या सत्राचा फॉर्म निघाला की भरा. त्यात गणित, अभिक्षमता आणि नियोजनाचे प्रश्न असतात. चित्रकलेची परीक्षा आर्किटेक्चरवाल्यांना, हिला नाही.

दुसरी वाट म्हणजे सिव्हिलमध्ये बी.टेक. करून मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम. प्लॅनिंगला जायचं. ही वाट वाईट नाही, पण जिला आत्ताच कळलंय काय हवं ते, तिला चार वर्षं वळसा घालायला मी सांगणार नाही.

पगाराबद्दल स्पष्ट बोलतो. पहिल्या नोकरीत सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणी तिच्या पुढे असतील. जागाही कमी. सरकारी भरती निघते तेव्हा निघते. मधल्या काळात सल्लागार कंपन्या, विकास प्राधिकरणं, प्रकल्पांची कामं. ज्याला जीआयएस, म्हणजे कम्प्युटरवर माहितीचे नकाशे करणं, येतं त्याला काम मिळतं, ज्याला फक्त पदवीचा कागद मिळालाय तो ताटकळतो. त्याचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. परीक्षा झाल्या की तिला पहिलं ते शिकू द्या.

आणि ती वही जपा. त्यातला नकाशा तिला क्यूजीआयएसवर चढवायला सांगा. शाळा, आरोग्य केंद्र, बँक, ती पेटी, आणि कोणत्या घरात वीज किती तास असते. पेटीचा दिवा का विझतो ते तिला तिथेच सापडेल, बहुधा विजेच्या तासांतच. उन्हाळ्यात मावशीकडे पंधरा दिवस राहून हे पुरं झालं तर दोघी मिळून माझ्याकडे या, वही आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन. मला तो नकाशा बघायचाय.