इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं असलेले मोठे शब्द कोणते आणि त्यांचे अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला असा फक्त 'एज्युकेशन' हा शब्द माहीत आहे, अजून मोठे शब्द अर्थासकट हवेत. भरपूर आहेत हो! पण नुसती यादी पाठ केली तर चार दिवसांत विसरायला होतं, म्हणून ते सापडतात कसे तेही सांगते. मी इथे एक नियम धरलाय, पाचही अक्षरं यायला हवीत आणि प्रत्येक एकदाच, नाहीतर यादी संपायचीच नाही. आणि शब्द कानाने मोजू नका. मराठीत बऱ्यापैकी बोलतो तसं लिहितो म्हणून आपल्याला ती सवय असते, पण इंग्रजीत निम्मे स्वर ऐकूच येत नाहीत, तेव्हा स्पेलिंग कागदावर लिहा आणि मग मोजा.

युक्ती अशी की शब्द शेवटाकडून बघायचा. ज्याच्या शेवटी 'शन' आहे, म्हणजे टी-आय-ओ-एन, तिथे आय आणि ओ फुकटात मिळतात, राहिले ए, ई आणि यू. एज्युकेशनमध्ये तेच झालंय. त्याच साच्यातले रेग्युलेशन म्हणजे नियमन, रेप्युटेशन म्हणजे नावलौकिक, इक्वेशन म्हणजे समीकरण, आणि प्रिकॉशन म्हणजे खबरदारी. हे शब्द आपण रोज वापरतो पण त्यांच्यात पाचही स्वर आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता गट, आय-ओ-यू-एस ने संपणारे. यांच्यात तीन स्वर शेवटीच येऊन बसतात आणि तेही ओळीने, त्यामुळे आधी ए आणि मग ई आला की पाचही स्वर अगदी मुळाक्षरांच्या क्रमाने लागतात. 'फसीशस' हा त्यातला प्रसिद्ध शब्द, स्पेलिंग एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. अर्थ, नको तिथे थट्टा करणारा, म्हणजे समोरचा गंभीरपणे काहीतरी सांगतोय आणि हा कोट्या करतोय असा. कौतुकाचा शब्द नाही, जपून वापरा. दुसरा 'ॲबस्टीमिअस', मिताहारी, खाण्यापिण्यात बेताने राहणारा. याच्या मुळाशी दारूसाठीचा लॅटिन शब्द आहे, म्हणजे आधी रोख दारूपासून लांब राहण्यावर होता आणि आता जेवणही त्यात आलं. तिसरा 'आर्सीनिअस', आर्सेनिकचा, आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते विष म्हणजे आर्सीनिअस ऑक्साइड. पहिल्या दोन शब्दांना शेवटी एल-वाय लावलं की वायसुद्धा येतो, म्हणजे सहाही अक्षरं क्रमाने!

उलट्या क्रमाचेही आहेत, यू-ओ-आय-ई-ए. 'सबकॉन्टिनेंटल', उपखंडाचा किंवा उपखंडातला, १४ अक्षरी. आपण स्वतःच भारतीय उपखंडातले, त्यामुळे हा लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये. आणि 'अनकॉम्प्लिमेंटरी', १५ अक्षरी, म्हणजे प्रशंसेचा नसलेला, कमीपणा आणणारा (शेरा वगैरे).

लांबीच हवी असेल तर सुरुवातीला 'अन' आणि शेवटी 'एबल' असलेले शब्द शोधा, यू, ए, ई तिथेच जमा होतात. अनफर्गिव्हेबल म्हणजे क्षमा न करण्यासारखं, अनप्रॉफिटेबल म्हणजे ज्यात नफा नाही असं, अनसोशेबल म्हणजे लोकांत न मिसळणारा. या गटातला सगळ्यात भारी 'अनकॉपीराइटेबल', ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असं, उदाहरणार्थ नुसती कल्पना, किंवा बाराला बाराने गुणलं की १४४ येतात यासारखी साधी माहिती. याची १५ अक्षरं आहेत आणि १५ पैकी एकही परत येत नाही, नुसते स्वर नाही, व्यंजनंसुद्धा! मला तर हा शब्द लिहून एकेक अक्षर खोडत बघायला फार आवडतं. असाच १४ अक्षरी 'ॲम्बिडेक्स्ट्रसली', म्हणजे दोन्ही हात सारख्याच सफाईने वापरून, यातही एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही.

लहान पण मजेदार काही सांगायचे तर 'सिक्वॉया', सातच अक्षरं आणि त्यात पाच स्वर. ही कॅलिफोर्नियातली प्रचंड मोठी झाडं, तिथल्या सिक्वॉया नॅशनल पार्कमध्ये, जे १८९० मध्ये झालं, जनरल शर्मन नावाचं झाड आहे, उंची साधारण ८४ मीटर आणि खोडाच्या घनफळाने मोजलं तर जगातलं सगळ्यात मोठं. मग 'युफोरिया', अत्यानंद. 'न्यूमोनिया' तर माहीतच आहे, फुप्फुसाचा आजार, फक्त सुरुवातीचा पी विसरू नका. आणि भाजीवाल्याकडचा 'कॉलिफ्लॉवर'! आपण नुसतं फ्लॉवर म्हणतो त्यामुळे हातात ओ आणि ई एवढेच उरतात, बाकीचे तीन 'कॉली'त असतात.

परीक्षेसाठी विचारत असाल तर एक गोष्ट सांभाळा. 'बिहेवियर' म्हणजे वर्तन आणि 'फेवरिट' म्हणजे आवडता, हे दोन्ही या यादीत बसतात पण फक्त ब्रिटिश स्पेलिंगने, कारण अमेरिकन स्पेलिंगमध्ये त्यातला यू नसतो. नोआ वेबस्टरने १८२८ च्या आपल्या डिक्शनरीत असे यू गाळले आणि तिकडे तेच रूढ झालं. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश पद्धत शिकवतात, पण मोबाइलचा कीबोर्ड बरेचदा अमेरिकन इंग्लिशवर सेट असतो आणि तो बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही लाल रेघ ओढतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन भाषा इंग्लिश इंडिया किंवा यूके करून घ्या.