‘मायनर लीग’साठी ‘कनिष्ठ’ की ‘दुय्यम’?

अमेरिकी बेसबॉलवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘मायनर लीग’ला, म्हणजे अव्वल लीगच्या एक पायरी खाली खेळणाऱ्या संघांच्या संघटनेला, ‘कनिष्ठ लीग’ म्हणावे का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते म्हणू नये. ‘कनिष्ठ न्यायालया’त हा शब्द दर्जा दाखवतो हे खरे, पण खेळात ‘कनिष्ठ गट’ म्हटले की आपल्याला वयाचीच अट आठवते, आणि मायनर लीगचा वयाशी काडीचा संबंध नाही. तिथे पगारी, व्यावसायिक खेळाडूच खेळतात.

दर्जाचा हा भेद कराराने ठरला. १८७७च्या इंटरनॅशनल असोसिएशनला पहिली मायनर लीग म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु ती स्वतःला नॅशनल लीग या अव्वल संघटनेची प्रतिस्पर्धी मानत असल्याने ते बिरूद तिला मागाहून चिकटवलेले आहे. १८८३च्या नॉर्थवेस्टर्न लीगचे तसे नाही. टोलेडो, पिओरिया, सॅगिनॉ, फोर्ट वेन अशा मध्यम शहरांच्या या लीगने त्याच वर्षी नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन ही दुसरी मोठी संघटना यांच्याशी त्रिपक्षीय करार केला. एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत आणि प्रत्येक संघाने ११ खेळाडू पुढील हंगामासाठी राखून ठेवायचे, हे तिघांनाही सारखेच लागू होते. मात्र राखीव खेळाडूचा किमान पगार मोठ्या दोन संघटनांत १,००० डॉलर, तर नॉर्थवेस्टर्नमध्ये ७५० डॉलर ठरला. संरक्षण मिळाले, पण पायरी एक खालची, तीही स्वतःच्या सहीने!

त्या पायरीचा परिणाम लगेच दिसला. १८८३चे विजेतेपद मिळवणारा टोलेडोचा संघ पुढच्याच वर्षी अमेरिकन असोसिएशनमध्ये गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा कृष्णवर्णीय कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) मोझेस फ्लीटवुड वॉकरही वरच्या स्तरावर पोहोचला. इकडे नॉर्थवेस्टर्न लीगने १८८४मध्ये १२ संघांपर्यंत पसारा वाढवला. तो खर्च न झेपल्याने हंगाम संपण्याआधीच बहुतेक संघांनी गाशा गुंडाळला. पुढे १९०१मध्ये शिकागोत मायनर लीगांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली आणि ए, बी, सी, डी अशा श्रेणी लावून घेतल्या.

म्हणून ‘दुय्यम लीग’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो. ‘दुय्यम निबंधक’ या पदनामात जसा वयाचा लवलेशही नसून केवळ अधिकाराची उतरंड आहे, तसेच इथे आहे. ‘लीग’ मात्र तसेच ठेवावे; ‘साखळी’ म्हटल्यास सामन्यांची पद्धत कळते, सामने भरवणारी संघटना नव्हे.