नव्या छोट्या एचडी कॅमेऱ्यासोबत तीन संध्याकाळी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कार्डावर चित्रण करणारा तो तळहाताएवढा एचडी कॅमेरा आताच बुक करावा का? नेटवरून उतरवलेल्या नमुना क्लिपमध्ये धावणाऱ्या मुलाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, तो दोष आहे का? आणि दोन महिन्यांनी लेकीचं नाटक आहे, ते यावर नीट येईल का? योगायोगाने मागच्या आठवड्यात तीन संध्याकाळी तोच कॅमेरा माझ्या हातात होता. एका परिचिताकडे चाचणीसाठी आला होता. विक्रीपूर्वीचा नमुना, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं अंगभूत सॉफ्टवेअर) अजून कच्चं, म्हणून मॉडेलचं नाव घेऊन त्याच्यावर शिक्का मारत नाही. तुम्हाला कळलंच आहे कुठला ते.

आधी रेघांचं, कारण त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. ते चित्रण 1080आय आहे. त्यातला 'आय' म्हणजे इंटरलेस्ड. एका फ्रेममधल्या विषम ओळी आधी टिपल्या जातात आणि सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागानंतर. तेवढ्यात मुलगा पुढे सरकलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही अर्ध्या एकत्र दिसल्या की कंगवा दिसणारच. प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दोन्ही अर्ध्या नीट जुळवायची सोय) चालू करा किंवा क्लिप थेट टीव्हीवर पाहा, रेघा जातील. स्थिर फ्रेम काढून 'बघा किती वाईट' म्हणणारे बरेच जण हीच चूक करत आहेत.

आता बुकिंग. मी स्वतः एकदा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो. 2003 मध्ये एचडीव्ही आलं, म्हणजे नेहमीच्याच मिनी डीव्ही टेपवर एचडी. 2004 चा सोनीचा एफएक्स-1 सुमारे दोन किलोंचा, तो काही घरगुती माणसाचा नव्हे. 2005 पासून एका हातात मावणारे यायला लागले आणि मी त्यातला एक न बघताच मागवला. माहितीपत्रक इतक्यांदा वाचलं होतं की सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) आकार झोपेतही सांगितला असता. कॅमेऱ्याचे सगळे फोटो पुढून आणि बाजूने होते. खालचा एकही नव्हता. टेप खालून घालायची होती हे मला भाचीच्या नृत्याच्या कार्यक्रमात कळलं. दर टेपला कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवा, पट्टी सोडवा, टेप बदला, पुन्हा चढवा. एक अख्खं नृत्य त्या खटपटीत गेलं. तेव्हापासून जाहिरातीत काय दाखवलेलं नाही ते मी आधी शोधतो.

या नव्या कॅमेऱ्यात काय दाखवलेलं नाही? हेडफोनची खाच नाही. माइकची आहे, पण आत काय जातंय ते ऐकायची सोय नाही. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकीही नाही, त्यामुळे भर उन्हात फक्त एलसीडीवर भिस्त. मी हाताची सावली करून पाहिलं, फ्रेम कशीबशी दिसली, फोकस जमलाय की नाही ते काही कळलं नाही. कच्चं-पक्कं फर्मवेअर यात काहीही बदलणार नाही. पहिल्या अनुभवांचे लेख वाचताना मी मनात दोन ढीग करतो. फोकस पुढे-मागे चाचपडत बसतो, रंग जरा लाल येतात, मेनू अडखळतो, हे एका ढिगात. त्यातलं बरंचसं विक्रीला येईपर्यंत सुधारू शकतं. काच, सेन्सर, खाचा, बटणं दुसऱ्या ढिगात. ते आज जसं आहे तसंच तुमच्या घरी येणार. चर्चा मात्र सगळी पहिल्या ढिगाचीच होते.

हातात धरल्यावर पहिलं वाटलं ते 'अरे, हलका आहे', आणि दहा मिनिटांनी तेच नकोसं झालं. हलका कॅमेरा प्रत्येक श्वासाला डुलतो. ऑप्टिकल स्थिरीकरण आहे म्हणून रुंद शॉट बरे येतात, पण झूम आठ-दहा पटींवर गेला की भिंतीला टेका किंवा ट्रायपॉड लावा. रुंद शॉट म्हणतोय खरा, पण तोही फारसा रुंद नाही. याच्या लेन्सची सुरुवातच जुन्या 35 एमएम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात चाळीस एमएमच्या पुढे होते, म्हणजे दृश्य अरुंदच. खोलीत पाठ भिंतीला लावूनही चार माणसं मावत नाहीत. वाइड अडॅप्टर (दृश्य रुंद करणारी जोडकाच) लावता येतो, पण यात फोकससाठी लेन्सच्या बाजूला एक वेगळा छोटा सेन्सर दिलाय आणि अडॅप्टरने तो झाकला जातो. मग झटपट फोकसची जी कौतुकं चालली आहेत ती तिथेच संपतात.

दिवसाउजेडी चित्र मात्र सुरेख. पानं, विटांची भिंत, केसांच्या बटा, सगळं सुटं सुटं दिसतं. मिनी डीव्हीवरून येणाऱ्याला तर डोळ्यांचा चष्मा बदलल्यासारखं वाटेल. वाऱ्याने पानं जोरात हलली की थोडे चौकोन उठतात. कॅमेरा एव्हीसीएचडी या पद्धतीने सेकंदाला 17 मेगाबिट एवढीच माहिती साठवतो, त्यात हलणारं प्रत्येक पान मावत नाही, तिचं एच.264 हे चित्र आटवायचं तंत्र कितीही हुशार असलं तरी.

खरी परीक्षा संध्याकाळी. एका साध्या दिव्याच्या खोलीत मी तोच शॉट तीनदा घेतला. ऑटोवर चित्र उजळ आलं आणि मी खूश होणार तेवढ्यात हात हलवून पाहिला, तर मागे शेपटी. कॅमेऱ्याने गुपचूप शटर 1/25 सेकंदावर नेला होता. मेनूतला ऑटो स्लो शटर बंद केला, शेपटी गेली आणि अंधार आला. तो भरून काढायला गेन (सेन्सरचा संकेत वाढवणं) चढतो. दर 6 डीबीला उजेड एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट वाढतो आणि सोबत दाणेही. 12 डीबीपर्यंत मला चाललं. 18 वर काळ्या कोपऱ्यांत मुंग्या वळवळायला लागल्या, आणि त्या मुंग्यांनाच तपशील समजून कॉम्प्रेशन बिचारं त्यांच्यावर बिट उधळत बसतं, चेहऱ्याला उरत नाहीत. म्हणून खोक्यावर लिहिलेल्या लक्सच्या (किमान उजेडाच्या) आकड्यावर जाऊ नका. तो किती शटरवर, किती गेनवर मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. 'सगळ्या छोट्या एचडीत अंधाराची बोंब आहे' हे तुम्ही वाचलेलं ढोबळमानाने बरोबर आहे. तेवढ्याच छोट्या सेन्सरवर आता कितीतरी जास्त पिक्सेल बसवलेत, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमीच येणार.

सेन्सर सीमॉस जातीचा आहे. तो अख्खं चित्र एका दमात वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचतो. दाराच्या चौकटीवरून जोरात पॅन केलं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला, तर चौकट तिरकी झुकते. कोणी फ्लॅश मारला तर फ्रेमचा अर्धाच भाग पांढरा होतो. सीसीडी या दुसऱ्या जातीच्या सेन्सरमध्ये हे होत नाही, पण त्यात उघड्या दिव्यातून उभी पांढरी रेघ निघते. निवड दोन दुखण्यांतली आहे. सावकाश पॅन करणाऱ्या माणसाला सीमॉसचा त्रास क्वचितच जाणवेल. मला जाणवला तो गाडीच्या खिडकीतून खांब टिपताना.

कार्डाचं सुख टेपवाल्यांनाच कळेल. एचडीव्हीत टेपवर कुठे धुळीचा कण आला तर एक फ्रेम जात नाही, बारा किंवा पंधरा फ्रेम्सचा गट जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. इथे ती भीती नाही. 8 जीबीच्या कार्डावर वरच्या दर्जाचं साधारण तासभर मावतं आणि क्लास 4 चं एसडीएचसी कार्ड वेगाला पुरतं, महागडं घेऊ नका. एक गोष्ट आधीच सांगतो. फाइल 4 जीबीच्या आसपास पोचली की, म्हणजे सलग अर्ध्या तासाच्या पुढे, कॅमेरा तिचे तुकडे करतो. एमटीएस (चित्रणाच्या) फाइली तेवढ्या ओढून न घेता कार्डावरचं अख्खं फोल्डर उतरवा आणि सोबतच्या सॉफ्टवेअरने जोडा, नाहीतर सांध्यावर चित्र अडखळतं. शिवाय टेप कपाटात आपोआप जपली जायची. कार्ड तुम्ही पुसणार, तेव्हा दोन हार्ड डिस्कवर प्रत ठेवल्याशिवाय पुसू नका.

संपादनाचं कोणी बोलत नाही. एव्हीसीएचडी दोन कोअरच्या संगणकावरही टाइमलाइनवर अडखळतं. मी आधी ॲपलच्या प्रोरेस या संपादनासाठीच्या स्वरूपात बदलून घेतो. मग काम लोण्यासारखं चालतं, पण फाइल सात-आठ पट फुगते. तुमचा संगणक चार वर्षांचा आहे असं लिहिलंत, म्हणून कॅमेऱ्याच्या खर्चात डिस्कचाही खर्च धरा.

आता नाटक. काळा पडदा, मधोमध उजेडातली मुलं, हे ऑटो एक्स्पोजरचं हमखास फसायचं ठिकाण. कॅमेरा सरासरी काढतो, काळोख पाहून सगळं उजळवतो आणि चेहरे पिठासारखे पांढरे होतात. यात स्पॉटलाइट मोड आहे, तो लावा, किंवा चेहऱ्यावर एक्स्पोजर बसवून कुलूप घाला. पुरेशी प्रकाशयोजना असेल तर नाटक छान येईल. अंधाऱ्या प्रवेशांत दाणे येतील, त्याला इलाज नाही. आवाजासाठी कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबू नका. एखादा छोटा रेकॉर्डर रंगमंचाजवळ ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर जुळवता येतं.

म्हणून आगाऊ बुकिंग करू नका. दुकानात आला की स्वतःचं कार्ड घेऊन जा, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात दोन मिनिटं काढा, एका उभ्या खांबावरून पॅन करा आणि क्लिप घरी आणून तुमच्याच संगणकावर चालवून पाहा. नाटकाच्या महिनाभर आधी मिळाला नाही तर जुना मिनी डीव्हीच ट्रायपॉडवर लावा. कार्यक्रमाच्या दिवशी खोक्यातून काढलेल्या कॅमेऱ्याचा मेनू प्रेक्षागृहाच्या अंधारात शोधायचा नसतो. पक्क्या फर्मवेअरचा नमुना परिचिताकडे येणार आहे. आला की खोलीतला तोच शॉट पुन्हा घेऊन इथेच टाकतो.